माहीम ते माहीम : राजधानीच्या सहलीविषयी काही आग्रही मते

धागा. विषय इतिहासाचाच आहे, निमित्त मात्र घरगुती. लांबी नेहमीपेक्षा अधिक होणार, तेव्हा चहा घेऊन बसावे.

सुट्टी जवळ आली की पालघर-बोईसर पट्ट्यातील घराघरांत एक बेत शिजू लागतो : मुलांना मुंबई दाखवून आणायची. आमच्या माहीममधील घरातही यंदा तो शिजला. काकांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर यादी टाकली. एका दिवसात चौदा ठिकाणे, भाड्याची गाडी, पहाटे चारला प्रस्थान, रात्री अकराला परत. मंडळी तेरा, त्यांत गुडघ्यांनी त्रस्त झालेली आजी आणि पाच वर्षांची एक पुतणी. घरात इतिहास शिकणारी मी एकटीच, म्हणून "यात काही राहिले आहे का ते बघ" असे मला सांगण्यात आले. राहिले काहीच नव्हते. माझे म्हणणे असे की यादीतील निम्म्याहून अधिक ठिकाणे काढून टाकावीत, आणि गाडी रद्द करून लोकलने जावे. ते का, हे इथे मांडते. कारण अशी यादी आमच्या एकट्याच्या घरी झालेली नाही.

मुंबई १ मे १९६० पासून महाराष्ट्राची राजधानी आहे. आपण तिच्याकडे जातो ते मात्र परक्या मुलखात गेल्यासारखे : गाडीतून उतरायचे, छायाचित्र काढायचे, पुन्हा गाडीत बसायचे. माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर इथल्या माणसाने मुंबईकडे असे पाहणे मला इतिहासाच्या दृष्टीने खटकते. पालघर ते चर्चगेट हा लोहमार्ग नव्वद किलोमीटरच्या आसपासचा. राजधानी हा शब्द थोडा सैल हाताने वापरला, तर या एका मार्गाच्या आसपास चार राजधान्या येतात : आपले माहीम, सोपारा, वसई आणि मुंबई. अहमदाबाद महामार्गाने गेले तर यांतील पहिल्या तीन बाजूला राहतात आणि चौथी वाहतुकीच्या कोंडीत दिसते.

आधी सोपाऱ्याकडे वळू. कारण सहल कशी करावी याविषयी लिहिलेला मजकूर आपल्याच जिल्ह्यात, तोही सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा, सापडलेला आहे.

१८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले. आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच वर्षी गावात त्यांना अक्षरे कोरलेला एक फुटका दगड मिळाला. तो अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा होता. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. हे दोन्ही लेख गिरनार, कालसी इत्यादी ठिकाणी अधिक पूर्ण स्वरूपात उपलब्ध असल्याने त्यांचा आशय आपल्याला नीट कळतो.

आठव्या लेखाचा विषय चक्क सहल हा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, त्यांत मृगया आणि तशीच करमणूक असे, असे अशोक सांगतो. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याच्या यात्रांचे स्वरूप बदलले. या नव्या धम्मयात्रेत काय करायचे? ब्राह्मण-श्रमणांची भेट आणि त्यांना दान, वृद्धांची भेट आणि त्यांना धन, आणि जनपदातल्या, म्हणजे ग्रामीण मुलखातल्या लोकांची भेट व त्यांच्याशी धर्माविषयी संवाद. या प्रत्येक भेटीसाठी लेखात जो प्राकृत शब्द आहे, तो आपल्या 'दर्शन' या शब्दाचेच रूप आहे. 'मुंबई-दर्शन' अशी पाटी लावलेली बस पाहिली की मला हे हटकून आठवते. तिथे दर्शन इमारतींचे असते. सोपाऱ्याच्या दगडावरचे दर्शन माणसांचे होते, आणि राजधानीतला राजा गावाकडच्या माणसांचे दर्शन घ्यायला निघत होता.

विशेष म्हणजे अशोक आनंद वर्ज्य करीत नाही. या यात्रेत पूर्वीपेक्षा अधिक आनंद मिळतो, असाच त्याचा दावा आहे. "मुलांना मजा हवी, तुझा इतिहास नको" असे ज्यांना वाटते त्यांनी याची नोंद घ्यावी.

नववा लेख तर त्याहून मौजेचा. लोक आजारपणात, लग्नकार्यात, अपत्यजन्माच्या वेळी आणि प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात, स्त्रिया तर फारच करतात, असे तो म्हणतो. हे विधी करावेत, पण त्यांचे फळ अल्प, असा त्याचा अभिप्राय. आमच्या आजीने आजवर एकाही माणसाला हातावर दही-साखर ठेवल्याशिवाय उंबरा ओलांडू दिलेला नाही. सम्राटाचे मत तिच्या कानावर घालण्याचे धाडस मी केलेले नाही.

सोपाऱ्याचा हा नवव्या लेखाचा शिलाखंड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. स्तूपातून निघालेला करंड आणि इतर वस्तू एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. राजधानी म्हणजे काय, याची ही एक साधी व्याख्या होऊ शकते : आसपासच्या मुलखातील मौल्यवान वस्तू जिथे जाऊन जमतात ते ठिकाण. सोपाऱ्याला आज टेकाड राहिले आहे. अक्षरे पाहायची तर तिकीट काढून मुंबईत जावे लागते.

आता आपल्या माहीमकडे.

'महिकावतीची बखर' वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. बखर एकसंध नाही; वेगवेगळ्या काळांतील प्रकरणे तिच्यात एकत्र आली आहेत. त्यांतील एक भाग केशवाचार्यांच्या नावे आहे आणि त्याचा काळ शके १३७०, म्हणजे इ.स. १४४८ असा दिलेला आहे. बखरीचे सरळ वाचन केले तर बिंब राजाची वाटचाल उत्तरेकडून दक्षिणेकडे होते : दमण, तारापूर, केळवे-माहीम, आणि मग साष्टी-मुंबई. राजधानी महिकावती, म्हणजे माहीम. पण कोणते माहीम? आपले की मुंबईचे, यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. बिंब कधी आला, अणहिलवाडकडून की देवगिरीकडून, याबाबतही निरनिराळ्या परंपरा आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. बखरीतल्या सनावळ्या जशाच्या तशा इतिहास म्हणून घेणे मला मान्य नाही. तरीही शतकानुशतके लोकांनी जपलेली एक आठवण तिच्यात स्पष्ट आहे : मुंबई बेट वसले ते उत्तर कोकणातून खाली सरकत आलेल्या माणसांनी. सोमवंशी क्षत्रिय, पाठारे प्रभू, पळशे, भंडारी, कोळी अशा अनेक समाजांच्या स्वतःविषयीच्या कथा याच किनाऱ्यावरून जातात. दादर-माहीम-परळ इथल्या जुन्या वाड्यांतली आडनावे आणि आमच्या पानमळ्यांतली आडनावे पाहिली तर निराळा पुरावा शोधावा लागत नाही.

आणि देव्याही पाहा. केळव्याच्या किनाऱ्यावर शीतलादेवीचे मंदिर आहे. मुंबईच्या माहीममध्येही शीतलादेवीचे मंदिर आहे. दोन माहिमे, दोन समुद्रकिनारे, दोन किल्ले, दोन शीतलादेवी. यावरून मी कोणताही सिद्धांत मांडत नाही. शीतलादेवीची मंदिरे इतरत्रही आहेत. परंतु आमच्या तेरा जणांच्या सहलीत आजीला आपल्या शीतलादेवीचे नाव धारण करणाऱ्या देवीपुढे उभे करणे मला गेटवेपेक्षा महत्त्वाचे वाटते. काकांच्या यादीत मुंबईचे माहीम कुठेच नव्हते. माहीमच्या माणसाने मुंबईला जाऊन माहीम वगळावे, याला काय म्हणावे?

त्या माहीमची एक गंमत सांगण्यासारखी आहे. १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली. १६६५ मध्ये हम्फ्री कुक ताबा घ्यायला आला तेव्हा त्याने माहीमही घेतले. पोर्तुगीजांनी हरकत घेतली. माहीम हे मुंबईत मोडतच नाही, असे त्यांचे म्हणणे. इंग्रजांनी ते ऐकले नाही. तीन वर्षांनी, १६६८ मध्ये, राजाने हे सारे बेट ईस्ट इंडिया कंपनीला वार्षिक दहा पौंड खंडाने देऊन टाकले. आपले माहीम मात्र पोर्तुगीजांकडेच राहिले आणि पुढची सत्तर-एक वर्षे दोन माहिमे दोन युरोपीय सत्तांच्या हाती होती.

मग १७३९ उजाडले. चिमाजी आप्पांची उत्तर कोकणातील मोहीम निर्णायक टप्प्यावर आली होती. त्या वर्षीच्या जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर ही ठाणी एकामागून एक मराठ्यांनी घेतली. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. वसई हे उत्तर कोकणातील पोर्तुगीज मुलखाचे मुख्य ठाणे. ते मे महिन्यात शरण आले. शाळेच्या पुस्तकात वसईचा विजय असतो, माहीम-तारापूरची नावे क्वचितच येतात. उत्तरेकडची ही ठाणी आधी घेतल्यामुळे दमणकडून वसईला येऊ शकणारी मदत तुटली, ही लष्करी बाजू तर अजिबात येत नाही.

या विजयाची खूण मुंबईत कुठे पाहायची? मला हा प्रश्न फार आवडतो, कारण उत्तर सहसा कुणाला अपेक्षित नसते. वसई पडली आणि मराठे वांद्र्यापर्यंत येऊन ठेपले. समोर खाडी, खाडीपलीकडे इंग्रजांचे माहीम. मुंबईकर इंग्रज धास्तावले. कॅप्टन इंचबर्डला त्यांनी चिमाजी आप्पांकडे बोलणी करायला पाठवले आणि जुलैमध्ये तह केला. तेवढ्याने धीर येईना, म्हणून फोर्टच्या तटाबाहेर खंदक खणण्याचे ठरले. त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी जमवली. त्या खंदकाचे नावच 'मराठा खंदक' असे पडले. १८६० च्या दशकात तट पाडले गेले, खंदक बुजला, त्या जागेवर रस्ते आणि मोठमोठ्या इमारती आल्या. किल्ला गेला आणि 'फोर्ट' हे नाव मागे राहिले. हुतात्मा चौकात उभे राहून मुलांना सांगता येईल : एके काळी या बाजूला तट होता, त्यापुढे खंदक होता, आणि तो खणला गेला याचे एक कारण आपल्या गावाचा किल्ला पडला हे होते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट कळते, आणि तो ती शाळेत जाऊन सांगतो. घरच्या एकावर प्रयोग करून पाहिला आहे.

म्हणूनच माझा पहिला आग्रह : मुंबईला जाण्याआधीच्या रविवारी संध्याकाळी आपलेच माहीम पाहावे. किल्ला लहानसा आहे, पाहायला अर्धा तास पुरे. जाता-जाता केळव्याच्या सुरूच्या बनातला भुईकोट पाहावा. वर्षानुवर्षे तो वाळूत बुजलेला होता, आणि ती वाळू काढायला दुर्गप्रेमी मंडळी राबली आहेत. मुंबईच्या माहीमच्या किल्ल्यातही पिढ्यानपिढ्या वस्ती होती. अलीकडे तिथल्या रहिवाशांना अन्यत्र हलवून किल्ला मोकळा करण्यात आला. एकाकडे दुर्लक्ष झाले ते तो राजधानीपासून दूर म्हणून, दुसऱ्याकडे झाले ते तो राजधानीच्या ऐन मध्यात म्हणून.

माहीमचे महत्त्व कसे ओसरले, हेही रुळांवरून जातानाच समजते. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर उघडले तर तालुक्याचे नाव 'माहीम' असे दिसते, ठाणेही माहीमलाच. पण १८६४ मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग ग्रँट रोडपर्यंत पोचला होता आणि तो माहीमला न येता आठ-नऊ किलोमीटर पूर्वेकडून, पालघरवरून गेला होता. बंदर ओस पडू लागले, स्थानक वाढू लागले. कालांतराने तालुक्याचे ठाणे पालघरला गेले, नावही पालघर झाले, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. आज माहीमहून मुंबईला जायचे तर आधी रिक्षा नाहीतर एसटीने पालघर गाठावे लागते. त्या वीस-पंचवीस मिनिटांत एका गावाचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

सफाळे सोडले की वैतरणेचा पूल येतो. इथे मुलांना खिडकीशी बसवावे. (आजीलाही. ती नदीत नाणे टाकील, टाकू द्यावे.) हिच्या वरच्या अंगाला अडवलेले पाणी मुंबई पिते. १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, २०१४ मध्ये मध्य वैतरणा : शहर वाढत गेले तसतसा त्याचा हात आपल्या डोंगरांत अधिकाधिक आत गेला. मोखाडा-जव्हारच्या पाड्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, हे याच जिल्ह्यातले वास्तव. आता सूर्येचे पाणीही वसई-विरारकडे नेले आहे, आणि सिंचनाचे पाणी कमी होईल म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला होता. मुंबईत नातेवाइकांकडे नळ सोडला की मुलांनी विचारावे, हे पाणी कुठून येते. उत्तर त्यांना पुलावरच मिळालेले असेल.

इथे मी थोडी कडवट होते, ती माफ असावी. राजवाड्यांनी महिकावतीच्या बखरीला जी दीर्घ प्रस्तावना लिहिली, तिच्यात त्यांना एक प्रश्न छळताना दिसतो : राज्ये येतात, जातात, राजधान्या बदलतात, आणि गावातला माणूस त्याविषयी इतका उदासीन का राहतो? त्यांची सगळी उत्तरे मला पटत नाहीत. प्रश्न मात्र आपल्या पट्ट्याला आजही लागू आहे. तारापूरची अणुभट्टी १९६९ मध्ये वीज देऊ लागली. बोईसरला औद्योगिक वसाहत आली. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, बडोदा-मुंबई द्रुतगती महामार्ग, बुलेट ट्रेन यांच्या रेघा याच जिल्ह्यातून ओढल्या गेल्या. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. रक्कम ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आजही शमलेला नाही. बंदर व्हावे की नाही, हा या धाग्याचा विषय नाही. माझा मुद्दा एवढाच की यांतील प्रत्येक निर्णय कुठल्या ना कुठल्या राजधानीत झाला, आणि राजधानी पाहायला जाताना तो निर्णय जिथे होतो ती इमारत आपण कधीच पाहत नाही. काकांच्या चौदा ठिकाणांत समुद्रकाठचे चित्रपट-कलाकारांचे तीन बंगले होते. मंत्रालय नव्हते, विधानभवन नव्हते.

म्हणून दुसरा आग्रह : चर्चगेटहून मंत्रालयावरून चक्कर मारावी. आत जायची गरज नाही, छायाचित्र काढायचीही नाही. पंधरा मिनिटे पुरेत. "आपल्या सातबाऱ्याविषयी शेवटचा शब्द कुणाचा असतो?" असे एखाद्या मोठ्या मुलाने विचारले, आणि बरोबरच्या चार प्रौढांची चार उत्तरे आली, तर सहलीचे पैसे वसूल झाले असे मी समजेन.

तिसरा आग्रह दोन हुतात्मा-स्मारकांचा. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. सहाच दिवसांनी, १४ ऑगस्टला, पालघरमध्ये मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. सातपाटी, नांदगाव, मुरबे, सालवड आणि खुद्द पालघर अशा वेगवेगळ्या ठिकाणची ती माणसे. पालघरच्या हुतात्मा स्तंभावरून आपण रोज जातो. गवालिया टँक, म्हणजे आजचे ऑगस्ट क्रांती मैदान, ग्रँट रोड स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर आहे. तिथे मुले खेळत असतात, बाके आहेत, आजीला बसता येते. राजधानीतला एक ठराव सहा दिवसांत कोळीवाड्यांपर्यंत कसा पोचला, हे त्या बाकावर बसून बोलण्याजोगे आहे. तिथून पुढे फोर्टातला हुतात्मा चौक. मुंबई महाराष्ट्राची राजधानी व्हावी म्हणून १९५५-५६ च्या आंदोलनात शंभरांहून अधिक माणसांनी प्राण दिले. 'राजधानी' हा शब्द काकांनी यादीच्या मथळ्यात ठळक अक्षरांत लिहिला होता. तो कुणी मिळवून दिला, हे त्या चौकात सांगितले पाहिजे.

आता आक्षेप. पहिला अर्थातच मुलांच्या मजेचा. तो मला मान्य आहे, म्हणून राणीची बाग यादीत ठेवली आहे. पेंग्विन पाहावेत, अवश्य पाहावेत. मग शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती पाहावा. हाच तो घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना यंत्र मोडले आणि हत्ती पडून फुटला. तुकडे बागेत आणले, पुढे १९१४ च्या सुमारास जोडून तो उभा केला. फुटलेला हत्ती मुलांना जिवंत हत्तीइतकाच आवडतो, सांधे शोधत ती भोवती फिरत राहतात. तारापोरवाला मत्स्यालय मात्र यादीतून काढले, ते बरीच वर्षे बंद आहे. त्या नावात आपले तारापूर आहे, एवढे मरीन ड्राइव्हवरून जाताना सांगितले की झाले.

दुसरा आक्षेप आईचा : "एवढ्या लांब जाऊन गेटवे नाही पाहायचा?" पाहायचा. १९२४ मध्ये खुली झालेली ही कमान बांधली गेली ती इंग्लंडच्या राजा-राणीच्या १९११ च्या आगमनाची आठवण म्हणून, आणि स्वतंत्र भारतातून ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ ला तिच्याखालूनच निघून गेली. समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. तिथे वेळ काढण्यासारखे आहे, पण घारापुरीची बोट याच सहलीत नको. तेरा जणांना घेऊन अर्धा दिवस त्यातच जातो. कान्हेरी आणि वसईचेही तेच. वसई आणि सोपारा मिळून एखादा वेगळा रविवार ठेवावा.

तिसरा आक्षेप खर्चाचा होता, आणि तो उलट माझ्याच बाजूने निघाला. भाड्याच्या गाडीचे पैसे वाचले, त्यांत दोन दिवसांचे भागते. मुक्काम आजीच्या धाकट्या बहिणीकडे, दादरला. दोघींची भेट सात वर्षांत लग्नकार्यांपलीकडे झालेली नाही. काकांच्या चौदा ठिकाणांत दादरचे ते घर नव्हते, कारण "तिथे पाहण्यासारखे काय आहे?" सोपाऱ्याच्या दगडावरच्या यादीत वृद्धांची भेट दुसऱ्या क्रमांकावर आहे. मावशीआजीसाठी माहीमची विड्याची पाने न्यायची आहेत. ती फोनवर दर वेळी त्यांची चौकशी करते.

तर सुधारित बेत असा. आदल्या रविवारी आपले माहीम आणि केळवे. पहिल्या दिवशी सकाळच्या डहाणू लोकलने वांद्र्यापर्यंत. माहीमला जलद गाडी थांबत नाही, म्हणून वांद्र्याला उतरून धीमी गाडी घ्यावी. वांद्रे आणि माहीम यांच्यामधला रस्ता १८४५ मध्ये लेडी जमशेटजी यांनी दिलेल्या दीड लाखांहून अधिक रुपयांतून झाला, त्याआधी खाडी होडीने ओलांडावी लागे. हे गाडी खाडीवर असतानाच सांगून टाकावे, कारण तेवढ्यात माहीम येते. शीतलादेवी, किनारा, दुरून किल्ला. दुपारी दादरला जेवण आणि आजीसाठी विश्रांती. इच्छा असलेल्यांनी राणीची बाग. दुसऱ्या दिवशी ग्रँट रोडला उतरून ऑगस्ट क्रांती मैदान, मग वस्तुसंग्रहालय, तिथे सोपाऱ्याच्या शिलाखंडापुढे पाच मिनिटे, हुतात्मा चौक, गेटवे आणि मंत्रालयावरून चर्चगेट. परतीची गाडी दुपारी चारच्या आत पकडायची, नंतरच्या गर्दीत आजीला आणि पुतणीला चढवणे शक्य नाही.

काकांनी यादी मान्य केली आहे, बंगल्यांपैकी एकावर अजून वाटाघाटी चालू आहेत. तुमच्यापैकी कुणी याच वाटेने जाणार असाल तर पहिला दिवस बुधवारी येणार नाही एवढे पाहावे. राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय, दोन्ही बुधवारी बंद असतात.